तळ्यावरचा आळ

ताटात तळलेली मरळ आली की ती घटना आजही मला आठवते आणि अर्धा मासा तसाच राहतो. बायको म्हणते, "गुन्हेगारांना घाम फोडणारा माणूस माशाला भितो."

मी तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवरच्या एका जंगलातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. माझी मिशी पाहून वाघ रस्ता सोडायचा. खरं सांगायचं तर तो आमच्या जीपच्या आवाजाला भ्यायचा. त्या आवाजाने चोरही दोन गावं आधीच पसार होत, म्हणून आमच्या हद्दीत गुन्हे कमी.

एका सकाळी पोलीस पाटलाने कळवलं की तळ्याकाठच्या गावात मासेमारी करणाऱ्या घरातला तरणा मुलगा तळ्यात बुडून मेला. निरोप आला तेव्हा चिता विझली होती, त्यामुळे शवविच्छेदनाचा प्रश्नच उरला नव्हता. स्टेशन डायरीत नोंद झाली: बुडून मृत्यू, घातपाताचा संशय नाही.

त्याच आठवड्यात बाजारात माझ्या हवालदाराने मरळ घेतली. कुठली म्हणून मी विचारलं, तर त्याने त्याच गावाचं नाव घेतलं आणि स्वतःच थबकला. तो त्याच भागातला.

"साहेब, गडबड आहे. तळ्यात माणूस गेला त तेरवी होयेपर्यंत आमच्याकडे कोणी जाळं टाकत नाई. हे लोक मासे काऊन विकून राह्यले?"

माझे सगळे खबरे एकीकडे आणि ती मरळ एकीकडे. इतकी पक्की खबर मला कुणी दिली नाही, आणि वर तिने चहाही मागितला नाही.

आम्ही गावात गेलो. मुलाचा बाप अंगणात जाळं सांधत बसला होता. चौकशीची माझी पद्धत साधी. समोर बसायचं, मिशी पिळायची आणि गप्प राहायचं. माणूस मार सोसतो, शांतता सोसत नाही. पण या बापापुढे माझी मिशी दुखायला लागली, तरी तो बोलेना.

शेवटी हवालदाराने विचारलं, "भाऊ, पोरगं ह्याच तळ्यात गेलं ना? मंग तळं बंद काऊन नाई?"

बापाची सुई थांबली. उत्तर घरातून आलं. मुलाची आई दारात उभी होती.

"तळ्यानं नाई खाल्लं त्याले. तळ्यावर आमी खोटा आळ घेतला, साहेब. त्याच्यावर बंदीही घालू का आता?"

तिने तांदूळ साठवायच्या ढोलीत हात घालून गोळ्यांचं एक पाकीट काढलं. मुलगा आधी पाठदुखीसाठी गोळ्या घ्यायचा. मग त्यांच्यावाचून त्याला राहवेना. त्या दिवशी नवीन पाकीट आलं होतं. तो खाटेवरून उठलाच नाही.

"मग बुडाला म्हणून का सांगितलं, बाई?"

"नशेनं मेला म्हटलं असतं त त्याच्यासाठी कोण रडलं असतं? लोक म्हणले असते, बरं झालं, सुटले." मग ती हळूच म्हणाली, "लई गुणाचा होता जी तो."

गोळ्या कोण देतं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. गावातली बाकीची पोरं मुकी झाली होती, आणि त्यांच्या खिशांत तीच पाकिटं असणार या विचाराने माझी झोप उडाली.

मी बापाला म्हटलं, "आजपासून तळं बंद करा."

"पण तो बुडला नाई ना, साहेब."

"त्याच्यासाठी बंद करा. पुढचं मी पाहतो."

संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीची जाळी खुंटीला लागली. बातमी बाजारात पोचली आणि मासे नेणारे व्यापारी यायचे थांबले. एकच जण आला. मोटारसायकलला थर्माकोलची पेटी बांधून बर्फ आणणारा. जिथे मासा निघत नाही, तिथे बर्फ कशाला? आम्ही त्याला तळ्याच्या पाळीवर, बांधावरच अडवलं.

"थंड पाणी प्यायले आणला जी," तो हसत म्हणाला.

"मग मलेही पाज," म्हणत मी कोपरापर्यंत हात घातला. तळाशी प्लास्टिकमध्ये पाकिटं होती. पंचनाम्यावरची माझी सही अजून गारठून थरथरते आहे, हवी तर काढून पाहा.

प्रयोगशाळेने त्या गोळ्यांत फेंटानिल असल्याचं कळवलं. डॉक्टर शस्त्रक्रियेच्या वेळी मापून देतात ते औषध. मिठाच्या मोजक्या कणांएवढं जास्त झालं की श्वास थांबतो. त्या बर्फवाल्यामागून आम्ही वरच्या साखळीपर्यंत पोचलो. पण मला आठवते ती अटक नाही.

आमच्याकडे अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसांसाठी निखाऱ्यावर घास टाकतात. त्या वर्षी त्या आईने विस्तव घरात न मांडता तळ्याच्या पाळीवर मांडला. सारं गाव जमलं होतं. आधी तिने तळ्याला हात जोडले. मग मुलाचं नाव घेतलं आणि मोठ्याने म्हणाली, "गोळीनं मेला माझा बाबू. तळ्याचा काही दोष नाई."

मग गर्दीतून एक बाई पुढे आली. तिचा मुलगा साप चावून गेला, असं सारे समजत होते. तिने घास टाकला. "सापानं नाई," एवढंच बोलली. तिच्या मागून एक म्हातारा आला. त्याचा नातू मोहाच्या झाडावरून पडून गेला, असं त्याने सांगितलं होतं. "झाडानं नाई," तो म्हणाला, आणि पोराचं नाव घेताना त्याला इतकं रडू आलं की हवालदाराने त्याला धरून बसवलं. त्या दिवशी त्या तिघांसाठी सारं गाव रडलं.

नोकरीभर मी शिकलो की लोक शिक्षेच्या भीतीने खोटं बोलतात. त्या पाळीवर कळलं, आपल्या माणसाला कुणी हलकं म्हणू नये म्हणूनही बोलतात, आणि तेच खोटं पुढच्या पोराचा जीव घेतं.

आरोपी सुटले की मी आठवडाभर चिडलेला असे. पण त्या दिवशी एक तळं, एक साप आणि एक झाड माझ्या डोळ्यांदेखत निर्दोष सुटलं, आणि परतताना मी हवालदाराला जीप हळू चालवायला सांगितली. खडखडाट नको होता.