तोंड नसलेले बैल

त्या वर्षी आमच्या दुकानात बैल तयार झाले, पण एकालाही तोंड नव्हतं.

आधी दुकानाचं सांगते. जाम गावच्या चौरस्त्यापासून जरा आत, हायवेचा आवाज येईल पण धूळ ताटात पडणार नाही इतक्या अंतरावर, आमचं सुतारकामाचं दुकान आहे. दुकान दोघा भावांचं. एक माझे यजमान आणि दुसरे त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे. वर्षभर दारं, चौकटी, दिवाण, ढाब्यांची बाकडी असली कामं असतात. पोळा जवळ आला की ती सगळी बाजूला पडतात आणि लाकडी बैल सुरू होतात. कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. लेकरं नटूनथटून आपापला चाकाचा बैल दोरीनं ओढत घरोघर जातात. घरची बाई बैलाला कुंकू लावते आणि लेकराच्या हातावर खाऊ ठेवते. त्या खाऊला आम्ही बोजारा म्हणतो. हे सुख बाकीच्या महाराष्ट्राला ठाऊक नाही, बिचाऱ्यांचं नशीब.

भावाभावांत काम वाटलेलं होतं. धड, पाय, चाकं थोरल्यांची आणि तोंड धाकट्याचं. "धड कोनीबी करन, जीव तोंडात असते," असं थोरले स्वतःच म्हणायचे. आमच्या यांच्या हातचं तोंड असं उतरायचं, की बैल आत्ता मान झटकेल असं वाटावं. आणि घरात मूल जन्माला आलं की त्याचा पहिला बैल दोघांच्या हातचाच असायचा. आमच्या मुलीचाही तसाच होता. ती आता शिकायला बाहेरगावी असते, बैल टीव्हीच्या वर उभा असायचा.

पण ज्या हातात ही कला होती, त्याच हातात बाटलीही होती. आमचा जिल्हा दारूबंदीचा. प्यायची असते त्याला ती बंदी कधी अडवत नाही. फक्त चोरून प्यावी लागते, आणि चोरून पिणारा माणूस घरात खोटं बोलायलाही शिकतो. मी शपथा घातल्या, नवस बोलले, माहेरी जाऊन बसले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एक दिवस हे दुकानातच पडले, डोकं चौकटीवर आपटलं आणि सावंगीच्या दवाखान्यात भरती करावं लागलं.

शेजारच्या खाटेवर एक ख्रिस्ती आजोबा होते. रोज सकाळी डोळे मिटून हळू आवाजात प्रार्थना करायचे आणि त्यात यांचंही नाव घ्यायचे. यांना राग यायचा.

"माह्यं नाव काऊन घेता जी?"

"तुमचं नाव घेनारं दुसरं कोनी दिसत नाई म्हनून," आजोबा म्हणाले.

मी तिथंच स्टुलावर बसले होते. मला ते जरा लागलंच. पण त्यानंतर हे ऐकू लागले. आजोबांनी क्रुसावर मेलेल्याची गोष्ट सांगितली. आपला सगळा चिखल दुसऱ्यानं अंगावर घेतला आणि आपल्याला म्हणाला, जा, तू मोकळा. त्यासाठी नवस नाही, उपास नाही. हे दिवसभर छताकडे बघत पडून राहिले, आणि घरी आले ते दारू न पिणारे होऊन आले. कसं, ते मला विचारू नका. मी आधी ही काय जादू आहे ते बघायला म्हणून यांच्याबरोबर प्रार्थनेला गेले आणि नंतर माझी म्हणून जाऊ लागले. आजही सकाळी चहा टाकताना यांची पावलं सरळ पडताना ऐकते आणि मनातल्या मनात आभार मानते. सवय झाली म्हणून ते आभार कमी झालेले नाहीत.

भासरे आमच्यासारखे प्रार्थनेला आले नाहीत, पण आमच्या आडही आले नाहीत. उलट दारात उभे राहून म्हणाले, "कोनत्या का देवानं असो, माह्या भावाले वापस आनलं. मी त्याले हात जोडतो." एवढंच बोलून थांबले नाहीत. आमची प्रार्थना एका टिनाच्या शेडमध्ये भरते, तिथं भिंतीवर क्रूस नव्हता. थोरल्यांनी स्वतःच्या घराच्या दारासाठी जपून ठेवलेलं सागवान काढून दिलं आणि दोघांनी मिळून क्रूस केला. क्रूस म्हणजे एका लाकडावर दुसरं ठेवून खिळा ठोकला, असं नसतं. दोन्ही लाकडं मधोमध अर्ध्या जाडीपर्यंत कोरायची आणि मग एक दुसऱ्यात बसवायचं. आडवं थोरल्यांनी कोरलं, उभं यांनी. "दोघायनंबी अर्धं सोडावं लागते, तवा बसते," थोरले लाकडावर थाप मारून म्हणाले. ते सुतारकामाबद्दलच बोलत होते.

इथवर सगळं गोड होतं. मग तो रविवार आला.

प्रार्थना चालवणारे आमचे पाळक नगरकडचे, मोठा सज्जन माणूस. त्या दिवशी त्यांनी बायबलातली, रानात भटकणाऱ्या लोकांची गोष्ट सांगितली. त्या लोकांनी सोनं वितळवून वासरू केलं आणि आपल्या देवाला विसरून ते त्याच्यापुढे नाचले. पाळकांचा रोख सोन्याच्या हावेवर होता. पण पोळा तोंडावर आलेला, आणि माझा माणूस पहिल्या रांगेत, नखांत लाकडाचा भुसा घेऊन बसलेला. यांनी सोनं तिथंच सोडलं आणि वासरू तेवढं घरी आणलं.

घरी येताच यांनी कोरायच्या बारीक पटाश्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. टीव्हीवरचा मुलीचा बैल पोत्यात घालून माळ्यावर टाकला. भावाला सांगितलं, आता माझ्या हातून बैल होणार नाही. थोरल्यांनी नेहमीसारखी धडं केली, रांगेत मांडली आणि तोंडंही स्वतःच करून पाहिली. पहिलं बकरीचं निघालं. दुसरं आमच्या एका व्याह्यांसारखं दिसू लागलं, तेव्हा त्यांनी नाद सोडला. गिऱ्हाईक यायचं, रांगेकडे बघून हसायचं आणि परत जायचं.

मग नाही-नाही वाढतच गेलं. भावाकडचा प्रसाद नाही. महालक्ष्म्यांचं जेवण नाही. दिवाळीत त्यांच्या उंबऱ्यात पाय नाही. हे सगळं ना पाळकांनी सांगितलं होतं, ना मी. एक दावं सुटलं, तर यांनी दुसरं स्वतःच वळलं आणि स्वतःच्याच गळ्यात घातलं. दारू होती तेव्हा माणूस रात्री तरी हसायचा. आता सणाचा दिवस उजाडला की हे दार लावून, तोंड पाडून बसायचे. याला का मोकळं होणं म्हणतात, असं मी मनात म्हणायची, आणि कधीकधी मोठ्यानंही.

वर्ष गेलं, पुन्हा पोळा जवळ आला. थोरल्यांची नात नुकती पावलं टाकू लागली होती. तिचा हा पहिला तान्हा पोळा. एका सकाळी माझी थोरली जाऊ पोतडीत काहीतरी घेऊन आमच्या दाराशी आली. आत आली नाही. पोतडीत बैलाचं धड होतं, सागवानाचं, गुळगुळीत, चार चाकांवर उभं. मानेच्या पुढं मोकळी जागा.

"भाऊजीले सांगजो," जाऊ म्हणाली, "जमलं त पाहा म्हना. नाई जमलं त हे म्हन्तात, पोरगी बिनतोंडाचाच ओढन. दुसऱ्या कोनाच्या हातचं तोंड लावनार नाई."

ती गेली आणि मला पुढचं सगळं दिसू लागलं. ते लेकरू बिनतोंडाचा बैल घेऊन साऱ्या गावात फिरणार. त्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून दारोदारी लोक विचारणार, भावाभावांत काय बिनसलं? आणि मग ते बिनसणं कायमचं होणार.

हे बैलाकडे बघून न बघितल्यासारखं करत होते. माझा तोल गेला.

"ज्या भावानं तुमच्या देवासाठी दाराचं लाकूड देल्लं, त्याच्या नातीले तुमी एक तोंड देऊ शकत नाई? हा कोनता धरम हाय?"

मला वाटलं होतं, चिडतील. ते भिंतीला टेकून खाली बसले.

"मले भेव वाटते," ते म्हणाले. "एक गोष्ट ढिली केली त सगळंच सुटन. आज बैल, उद्या त्याच्या घरचं जेवन, परवा जुने दोस्त, आन् मंग बाटली. तुले नाई समजत. मी अजूनबी रोज भिऊन राह्यलो."

मला खरंच समजलं नव्हतं. मी त्याला आडमुठेपणा समजत होते आणि तो निघाला जीव मुठीत धरून बसलेला माणूस. माझा राग कुठल्या कुठे गेला.

त्या आठवड्यात मी पाळकांना चहाला बोलावलं आणि यांच्यादेखत तो बैल त्यांच्यापुढे आणून ठेवला.

"हा घोडा आहे का?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, आमच्या नगरकडे पोळ्याला मातीचे बैल. तुम्ही लाकडाचे करता, हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही माझ्यासमोर पहिल्या रांगेत बसला होतात, हो!"

"पन लोक त्याची पूजा करतात ना," हे खाली बघत म्हणाले.

"करतात. तुम्ही हात जोडायचे की नाही, ते तुमचं मन तुम्हाला सांगेल. मला एवढंच सांगा, बाटली कशी सुटली? नेम करून?"

"नाई. नेम त लय केलते. एकबी टिकला नाई."

"मग?"

यांनी आपले दोन्ही हात उघडून बघितले. "त्यानं सोडवली."

"ज्यानं सोडवली त्याचा हात इतका कच्चा आहे का, की एका लेकराच्या खेळण्यानं सुटेल? भिऊनच जगायचं होतं तर तुम्हाला मोकळं कशाला केलं?" पाळक म्हणाले आणि थंड झालेला चहा एका घोटात प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी पटाश्यांचं फडकं सोडलं, दगडावर पटाशीला धार लावली आणि पोतडी खांद्यावर टाकून दुकानात गेले. मी दळण टाकायचं निमित्त काढून मागोमाग गेले. थोरले रंधा मारत होते. त्यांनी वर बघितलं नाही, फक्त बाकावर जागा करून दिली.

"पटाशी बोथट झाली असन तुही."

"धार लावून आनली."

"मंग बस."

मी दळण तसंच घेऊन घरी परतले आणि स्वयंपाकघरात मनसोक्त रडले. देवा, तुझे उपकार कसे फेडू, एवढंच म्हणत होते. पुढचे सगळे दिवस दुकानातून दोन हत्यारांचा आवाज येत होता. रांगेतल्या जुन्या धडांनाही तोंडं आली. मुलीचा बैल माळ्यावरून उतरून टीव्हीवर आला.

तान्ह्या पोळ्याची सकाळ उजाडली तशी मला वेगळीच धास्ती. बैल दारी येणार, मग कुंकवाचं काय करायचं? लावलं तर हे पुन्हा मिटून जातील, नाही लावलं तर जाऊ दुखावेल. मी करंज्यांचं ताट घेऊन दारात घुटमळत होते. तेवढ्यात चाकांची खडखड आली. नवं परकर-पोलकं घातलेली नात, तिचं बोट धरलेले थोरले आणि मागं बैल. काय देखणं तोंड घडलं होतं त्याचं! पण त्याच्या अंगावर ना झूल होती, ना गुलाल. कपाळ कोरंच होतं.

दरवर्षी बैलाची पूजा आधी घरी होते, मगच तो उंबऱ्याबाहेर पडतो. थोरल्यांच्या घरात हा क्रम मी आल्यापासून कधी चुकलेला बघितला नव्हता.

"पह्यलं तुह्या दारी आनला," ते भावाला म्हणाले. "अजून पूजा नाई केली. हा निरा लाकडाचा बैल हाय. दे पोरीले बोजारा."

यांनी ताटातली करंजी उचलली, नातीच्या हातावर ठेवली आणि तिला कडेवर घेतलं. मग खाली वाकून बैलाची दोरी हातात घेतली आणि तसेच निघाले, भावाच्या घराकडे. इतके दिवस न ओलांडलेला तो उंबरा यांनी बैलासकट ओलांडला.

तिथं पूजा झाली. हे भिंतीपाशी उभे होते. हात जोडले नाहीत आणि पाठही फिरवली नाही. नातीनं करंजी बैलाच्या तोंडाला लावली तेव्हा सगळ्यांच्या आधी हेच हसले. थोरल्यांनी हे सगळं बघितलं आणि पाट मांडला.

जाऊ पुरणपोळी घेऊन आली, पण यांच्या ताटापाशी तिचा हात थांबला. गेल्या वर्षी तिनं डबा भरून पाठवला होता आणि तो तसाच परत गेला होता.

"भाऊजी, वाढू?" तिनं घाबरतच विचारलं.

"वाढा ना वयनी," हे म्हणाले. "दोन वाढा. मांगच्या सालचीबी राह्यली हाय माही."