बर्फातला शिकारी आणि भरिताच्या शेतातली मी

गेल्या हिवाळ्यात माझा पोटचा मुलगा मला शेतात विसरून निघून गेला, आणि यात सगळी चूक अमेरिकेची आहे.

झालं असं की, आदल्या रात्री पिंप्राळ्याच्या आमच्या घरी संजूने टीव्हीवर इंग्रजी सिनेमा लावला. (खाली हिंदी अक्षरं पळतात, ती वाचेस्तोवर बोलणारा माणूस मेलेला असतो!) जुन्या काळची अमेरिका, नुसतं जंगल आणि बर्फ. एका शिकाऱ्याचा पाय मोडतो, तर सोबती त्याला लांडग्यांपुढे टाकून चालते होतात! मग तो मुळ्या चघळत, सरपटत डोंगर ओलांडतो आणि एकेकाला गाठून सूड घेतो.

"इतक्या थंडीत कानटोपी नाही घालायची?" मी म्हटलं.

"आई, तो सूड घ्यायला चाललाय!"

"मग? सूड घेणाऱ्याला सर्दी होत नाही?"

"बघू दे ना वं," आमचे हे वैतागले. "त्याच्या जागी तू असती, तर लांडगेच गाव सोडून गेले असते."

सिनेमापायी कुणाचीच झोप झाली नाही. दुसऱ्या दिवशी बोदवडजवळच्या आमच्या शेतात भरीत पार्टी. आम्ही संजूच्या गाडीत, दीर सुकदेवभाऊ त्यांच्या गाडीत. कापसाच्या काड्यांवर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी! मी इतकं हाणलं की उभं राहवेना. केळीच्या बागेमागे कडब्याच्या गंजीला जरा टेकले. जराच हं!

डोळे उघडले तर दिवस मावळत होता आणि शेतात चिटपाखरू नव्हतं. दोन्ही गाड्या गायब! सतरंज्या झटकून नेलेल्या, उरलेली वांगीसुद्धा नेलेली. मोबाईल पर्समध्ये, आणि पर्स संजूच्या गाडीत बसून ऐटीत निघून गेलेली. म्हणजे वांग्यांची आठवण राहिली, आईची नाही!

मला तो शिकारी आठवला. सूड घ्यायचं तिथल्या तिथे ठरलं. पण आधी जगायला हवं ना! त्या आठवड्यात आसपास बिबट्या फिरत असल्याची बोलवा होती. अंधार पडत चाललेला, माझे गुडघे हे असे, आणि डांबरी रस्ता लांब.

तेवढ्यात केळीत सळसळ झाली. वाकलेलं, काळं, केसाळ काहीतरी लंगडत, कण्हत माझ्याच दिशेने यायला लागलं! रामराम म्हणत मी ढेकळं उचलली आणि सपासप भिरकावली.

"अवं, मारू नको! मी शे, मी! तुना नवरा!"

घोंगडी पांघरलेले आमचे हे! पायात काटा मोडलेला, कपाळाला ढेकूळ लागलेलं.

"तुम्ही इथे कसे?"

"आंब्याखाली झोपलो होतो. तू कशी?"

"गंजीमागे झोपले होते."

म्हणजे आम्हाला जोडीने विसरले होते, आणि ह्यांचा मोबाईलही गाडीतच! मी त्यांचा काटा काढला, त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला. (बिबट्याला मीच घाबरले होते, असं ते आजही सांगतात.)

शेवटी एकदाचे गाडीचे दिवे दिसले. जीव असा भांड्यात पडला म्हणता! संजू धावत येऊन गळ्यातच पडला. भुसावळला दोन्ही गाड्या चहाला थांबल्या, तेव्हा सूनबाई पल्लवीच्या लक्षात आलं होतं.

"मला वाटलं, तुम्ही दोघं काकांच्या गाडीत! त्यांना वाटलं, माझ्या!" संजू रडायच्या बेतात आला होता.

खरं तर माझा राग तिथेच विरघळला. पण सिनेमा पाहिलेली बाई मी! ह्यांच्या कानात म्हटलं, "घरापर्यंत एक शब्द बोलणार नाही. झुरू देत."

"खरंच?" ह्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

गाडी निघाली. मागच्या सीटवर हे लगेच डुलक्या घ्यायला लागले. मी ओठ आवळून अंधारात बसले. भुसावळ मागे पडलं आणि संजूने कचकन ब्रेक मारला.

"पल्लवी, मागे बघ! आई बसलीये ना? काहीच आवाज नाही!"

"बसलेय रे मेल्या!" मी ओरडले, आणि तिथून जे तोंड सुटलं, ते पिंप्राळ्याला घराचं कुलूप उघडेपर्यंत मिटलं नाही.

हे म्हणतात, सूड तिथे पुरा झाला.