कवेलूंवर न फेकलेला दात

अर्जुनी मोरगावच्या एका लग्नात पैज लागली म्हणून मी अख्खी सुपारी दातानं फोडली. सुपारी फुटली आणि दातही. पैज जिंकल्याचं मी गावभर सांगत फिरलो. दात आतून मरून काळा पडलाय, हे मात्र मला आरशानं सांगितलं.

गोंदियातल्या डॉक्टरीणबाईंनी रूट कॅनॉल सुरू केलं. तोंडात अवजारं असल्यामुळे मी दुसऱ्याचं ऐकून घेत होतो, हा दुर्मीळ योग. त्या सांगत होत्या, दुधाच्या दाताच्या गाभ्यात स्टेम सेल असतात, ज्यांच्यापासून नव्या पेशी घडतात अशा मूळ पेशी. त्या वापरून मुलांच्या मेलेल्या दातात पुन्हा जिवंत गाभा वाढवायचे प्रयोग कुठे कुठे झालेत. आपल्याकडे अजून नाही.

एवढ्या भांडवलावर मी मुर्रीला घरी पोचलो तो प्राध्यापक होऊनच. अर्धा ओठ बधिर, हनुवटीवर लाळ, आणि अंगणात लाखोळीची भाजी निवडत बसलेल्या मायला व्याख्यान. दुधाच्या दातातून मेलेलं पुन्हा जिवंत करता येते, मी ठोकून दिलं. अन् आपण काय केलं? उंदराकडे नवा दात मागत सगळे छपराच्या कवेलूंवर फेकले.  मायचे भाजी निवडणारे हात थांबले.

पुढच्या खेपेला ती स्कूटरवर मागे येऊन बसली.

"तू काऊन येऊन राहिली?"

"चाल मुकाट्यानं."

मी खुर्चीत आ करून पडलो होतो, तेव्हा तिनं पदराची गाठ सोडून कुंकवाची जुनी डबी काढली. आत कापसात एवढासा दात. मला भरून आलं. मायनं माझा एक तरी जपला! मी आ आणखी मोठा केला, न जाणो लगेच बसवतील.

"तोंड बंद कर," माय म्हणाली. "बाईचा आहे."

बाई म्हणजे माझी धाकटी बहीण. सातव्या वर्षी तापात गेली. तिचा पहिला दात त्या दुखण्यातच पडला होता. ज्याचा दात त्यानंच फेकायचा असतो, म्हणून बरी झाली की फेकेल, असं म्हणत मायनं तो ठेवून दिला होता. मला त्याचा पत्ताही नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी दात तळहातावर घेतला. मग हळू आवाजात समजावलं, की दात पडल्यापडल्या जपून न्यावा लागतो, वाळला की आतल्या पेशी मरतात. आणि जिवंत असत्या तरी त्यांच्यापासून दाताचा गाभाच वाढवता आला असता.

"दाताचं नाही विचारून राहिली मी," माय म्हणाली.

 माझ्या तोंडातली लाळ ओढणारी नळी गुरगुरत राहिली. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवीन काही निघालं तर फोन करीन. दुसरं काय म्हणणार?

घरी आल्यावर मी सुचवलं, आता स्लॅबवर फेकून देऊ.

"तिचा तिनंच फेकाव लागते," माय म्हणाली. डबी पुन्हा देवाजवळ गेली.

सुपारीची गोष्ट मी अजून रंगवून सांगतो. लोक हसतात. पण ती मी मांडवातच संपवतो. माझ्या दातावर कॅप बसलीय, आत काही नाही. फोन वाजला की अंगणात मायचे हात थांबतात. कोणाचा आहे ते तिला लगेच कळावं म्हणून मी समोरच्याचं नाव मुद्दाम मोठ्यानं घेतो. तरी ती विचारतेच,

"डॉक्टरीनबाईचा होय काय?"