सोनीबाईचा रिपोर्ट

वासंतीताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी उपकेंद्रात लसींची पेटी भरत होते. पेटी भरून झाली, मग बसले. त्याला महिना होत आला.

ताई किडनीच्या डॉक्टर, माहेर सापगावचं. सरकारी आरोग्य-संशोधनाचं मोठं पद त्या दिल्लीत सांभाळत, पण त्यांची पाहणी चालायची आमच्या शहापूर-मुरबाडच्या वाड्यांतून, आणि मी नर्स म्हणून त्या पाहणीत पहिल्यापासून होते. नमुने कोणीही गोळा करेल, म्हणायच्या; रिपोर्ट मात्र घरी जाऊन, टेकून, दिलेलं पाणी पिऊन सांगायचा. मग रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन : "काय म्हणाली ती?" ऐकणारी जे बोलली ते त्यांना शब्दन् शब्द हवं असे. मला ही रिकामी उठाठेव वाटायची आणि मी तसं तोंडावर सांगितलंही. "अगं, त्यावरूनच कळतं, तिला समजलं की नाही..."

सिद्धगडाखालच्या वाडीत ताई स्वतः आल्या होत्या. नमुन्याची बाटली देताना तिथली सोनीबाई म्हणाली, "माजं मूत दिल्लीला चाललं, नि आमी अजून कल्यान नाय पायलं!" ताई वहीवर डोकं टेकून हसल्या. सोनीबाई गुडघेदुखीसाठी बाजारातल्या गोळ्या रोज खायची. रिपोर्टमध्ये त्याचाच परिणाम दिसला. किडनीला त्रास सुरू झाला होता. गोळ्या थांबवल्या तर सावरणार होती. मी गेले तेव्हा तिच्या दाराला कडी. कागद शेजारणीकडे दिला आणि उतरले. रविवारी ताईंना सांगितलं, "दिला."

"काय म्हणाली?"

"घरी नव्हती, शेजारणीकडे दिला," मी सांगितलं. त्यांचा आवाज तेव्हा फार खोल गेला होता. आजारी आहेत हे मला ठाऊक होतं. रागावल्या नाहीत. "सांगून आलीस की फोन कर," एवढंच.

गुरुवारी निरोप आला.

शुक्रवारी वाडीत चढून गेले. कागद शेजारणीच्या कुडात खोचलेला, घडीसुद्धा मोडली नव्हती. सोनीबाईने पाणी दिलं. प्यायले, टेकले, सगळं सांगितलं. तिने डब्यातल्या गोळ्या माझ्या ओंजळीत ओतल्या. "घे गो. नि त्या हसऱ्या डाक्टरनीला सांग, गुडघं जाम बोंबलतील, पन ऐकलं मी तिचं."

"सांगते," म्हटलं.

रविवारी त्या वेळेला मी अजून फोन जवळ घेऊन ओट्यावर बसते. सोनीबाईचं बोलणं पाठ आहे. एक शब्द गाळलेला नाही.