गुरुजींचा काऊन

उत्तर बरोबर आलं की आमचे गुरुजी खडूने हनुवटी खाजवायचे. मग ती पांढरी झालेली हनुवटी पुढे काढून म्हणायचे, "काऊन?" म्हणजे, का?

चुकलं तर काही बोलत नसत. बरोबर उत्तर देणाऱ्याचीच खरी पंचाईत. "पैनगंगा कोनत्या दिशेले वाह्यते?" "पूर्वेले." "काऊन?" आता मेहकरला जन्मभर नदीत आंघोळ करणाऱ्यांनीही तिला हे कधी विचारलं नसेल. गुरुजी पाटी तिरपी धरून तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायचे. पाणी उताराकडे पळायचं आणि पुढच्या ओळीतली पोरं भिजायची.

तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि डोणगावच्या मराठी शाळेत चौथीत मी एकटी मुलगी होते. पोरांपेक्षा ज्याला जास्त प्रश्न पडतात असा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. आमच्या गुरुजींना जरा जास्तच पडायचे. शाळेमागे आमचा भाजीचा मळा. ग्रहण शिकवायचं असलं की ते बाबांकडून सूर्यासाठी कोहळा आणि चंद्रासाठी लिंबू मागून नेत. कोहळा परत यायचा, लिंबू कधी आलं नाही. बाबा म्हणायचे, "गुरुजीच्या चंद्राले दर खेपेले खग्रास लागते."

मला पुढे शिकायचं होतं. गुरुजींनीच बाबांचं मन वळवलं. बाबा अखेर म्हणाले, "डिप्टी साहेबानं पोरीले हाव म्हटलं, तं अमरावतीले मास्तरीन व्हाले धाडतो. नाई तं लगन करून देतो." डिप्टी म्हणजे वर्षातून एकदा शाळा तपासायला येणारे साहेब. माझं सगळं त्या एका दिवसावर आलं.

त्या हिवाळ्यात लोणारचा धडा निघाला. पुस्तकात छापलं होतं की ते सरोवर ज्वालामुखीने झालं. आई सांगायची, देवाने तिथे लोणासुराला गाडलं. गुरुजींना यातलं काहीच पटेना. सुट्टीत ते बैलगाडीने लोणारला जाऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी वर्ग घेऊन आमच्या मळ्यात हजर.

"आग निंघाली असती तं पहाड झाला असता," ते म्हणाले. "तिथं तं सपाट रानात गोल खड्डा हाय, अन् चहूकडून काठ उचललेला. काऊन?"

मग ते विहिरीच्या कठड्यावर चढले आणि एक मोठा धोंडा खालच्या ओल्या वाफ्यात सोडला. बाबांची मेथी गेली, पण चिखलात गोल खड्डा पडला आणि त्याच्या भोवती कड उचलली गेली.

"गुरुजी, वरून धोंडा पडला!" मी ओरडले.

हातात खडू नव्हता, तरी त्यांनी हनुवटी खाजवली. "हे पुस्तकात नाई, पोरी. पन तुनं डोयानं पाह्यलं. पाह्यलेलं सांगाले भ्याचं नाई."

आज शाळेतलं कोणतंही पोर सांगेल की लोणारला आकाशातून उल्का पडली. तेव्हा डोणगावात ते फक्त आम्हाला माहीत होतं, आणि त्याची मला काय ऐट होती!

डिप्टी साहेब आले ते पुण्याकडचे. त्यांनी मला उभं केलं. "लोणारचे सरोवर कशामुळे झाले?"

मी पाहिलेलं सांगितलं. साहेब हसले. "हे कोणी शिकवले?"

"गुरुजींनी."

साहेबांचं हसू गेलं. "मास्तर, पुस्तक सोडून असले काही शिकवता?"

गुरुजी खडू धरून उभे होते. "नाही साहेब. मी ज्वालामुखीच शिकवतो. मुलगी मनाचं सांगते."

अगदी साहेबांसारखं शुद्ध बोलले. त्यांना तसं बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "काऊन, गुरुजी?"

वर्ग फिदीफिदी हसला. पोरांना वाटलं मी नक्कल केली. साहेबांना वाटलं मी उद्धटपणा केला. गुरुजींनी मान खाली घातली होती. साहेबांनी शेरा लिहिला: मुलगी उद्धट, अभ्यास कच्चा. बाबांनी तो कोणाकडून तरी वाचून घेतला आणि वैशाखात माझं लग्न लावून दिलं.

गुरुजींचं पोट त्या नोकरीवर होतं, हे मला आता कळतं. कळतं म्हणून राग जातो असं थोडंच आहे? भ्याचं नाही, हे मला शिकवणारा माणूस माझ्यादेखत भ्याला.

माझा धाकटा भाऊ पुढे त्यांच्याच वर्गात होता. माहेरी गेले तेव्हा मी त्याला विचारलं, "गुरुजी अजून काऊन म्हनतेत का रे?"

"नाई वो ताई. उत्तर आलं का 'बस खाली' म्हनतेत."

मला वाटलं होतं, असं काही ऐकून बरं वाटेल. नाही वाटलं.

बऱ्याच वर्षांनी दुसरबीडच्या बाजारात मी भाजी घेऊन बसले होते. समोर एक वाळलेला म्हातारा पिशवी घेऊन थांबला.

"वयखलं का, माय?"

"वयखलं." गुरुजींना मी आवाजावरूनच ओळखलं होतं. त्यांच्या पिशवीत मी वांगी टाकली. शेजारी माझी मुलगी बसली होती. तिसरीत होती. मी तिला म्हटलं, "गुरुजीले सांग बरं, लोणार कशानं झालं?"

"ज्वालामुखीनं," तिने घडाघडा सांगितलं. शाळेत अजून तेच शिकवत होते.

"बराबर हाय का, गुरुजी?" मी विचारलं.

त्यांचा हात हनुवटीकडे गेला. एकदा काऊन म्हणाले असते, तर मी सगळं विसरले असते. नुसतं एकदा.

"बराबर हाय," ते म्हणाले आणि पिशवी उचलून गर्दीत निघून गेले. मला ते पुन्हा कधी दिसले नाहीत.

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. "आई, माह्यं तं बराबर आलं. मंग तू काऊन रडून राह्यली?"