कॉम्प्युटरची खंडेनवमी

आमच्या घरात कॉम्प्युटर मी चालवते, पण त्याची पूजा करायचा मान माझ्या दिरांचा. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची ती पुरुषांनीच, असा आमच्याकडं नियम. शस्त्र चालवतं कोण, हे कुणी विचारत नाही. घरातली शस्त्रं म्हणाल तर नवऱ्याची टॉवेल कारखान्यातली कात्री, सासूबाईंची विळी आणि माझा जुना कॉम्प्युटर. दीर यातलं काहीच चालवत नव्हते. ते सोवळं नेसून पूजा करायचे आणि मी शेजारी ताट धरून उभी.

घराच्या पुढच्या खोलीत मी डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, दुकानांची बिलबुकं. आमच्या सोलापुरात एकाच पत्रिकेत मामाकडच्यांसाठी कन्नड आणि बाकीच्यांसाठी मराठी लागते, ती नीट मांडून देणारी म्हणून बायका मला शोधत येतात. खोलीचं दार थेट रस्त्यावर उघडतं, आणि दिरांचा डोळा त्या दारावर होता. त्यांना तिथं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान टाकायचं होतं. आयत्या बिळावर नागोबा. तसं तोंडानं आधी म्हणाले नाहीत. म्हणायचे, "वहिनी, पत्रिका आता लोक फोनवरच करत्यात की. तुमी उगं कशाला डोळं फोडून घेताय?"

मागच्या दसऱ्याची गोष्ट. माझी सिस्टिम इतकी जुनी झाली होती की गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या फायली तिच्यावर उघडेनात. नवी टाकणं भाग होतं. दीर लगेच पुढं सरसावले. दोन-चार व्हिडिओ बघून माणूस अर्ध्या हळकुंडानं पिवळा होतो, तसे ते झाले होते. म्हणाले, दसऱ्यालाच टाकू. साडेतीन मुहूर्तातला दिवस, पंचांगसुद्धा बघायला नको. पंचांग नको हे खरं, पण आपल्या मशीनला ही सिस्टिम झेपेल का, ते तरी बघायचं. ते मीच बघितलं. माझी सगळी कामं वेगळ्या डिस्कवर उतरवून साड्यांच्या कपाटात ठेवली. भाऊजींवर माझा पूर्ण विश्वास होता, म्हणूनच.

दसऱ्याला सकाळी ते नवऱ्यासमोर म्हणाले, "दादा, हे न्हाय चाललं तर मशीन भंगारात आणि खोली माझ्याकडं. बोल." नवरा म्हणाला, "बघू, तसंच करू." माझा नवरा वाईट नाही, पण भावापुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटते. त्या खोलीत बसून मी लोकांची लग्नं लावली, आणि तिचा निकाल मला न विचारता लागला होता.

नवरा कारखान्यातल्या पूजेला गेला. दिरांनी नवी सिस्टिम भरलेला पेनड्राइव्ह मशीनच्या समोरच्या खाचेत खोचला आणि हात जोडले. गाडी सुरू झाली, निम्म्यापर्यंत गेली आणि पडद्यावर मजकूर आला की काही फायली सापडत नाहीत. परत सुरू केलं. आता आणखी अलीकडंच अडकलं. तिसऱ्यांदा जरा पुढं जाऊन थांबलं. दिरांच्या मते आधी मेमरी कमी होती, मग डिस्क गेलेली होती, मग आमच्या गल्लीतली वीजच कमी दाबाची होती. शेवटी ते माझ्यावर आले. म्हणाले, "वहिनींनीच आधी कायतरी दाबून ठिवलं असणार." नाचता येईना, अंगण वाकडं.

सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "काल एवढी पूजा करून बी चालंना, म्हंजी मशीन थकलं म्हणायचं."

"व्हय आई, तेच सांगतोय," म्हणत दिरांनी खिशातून टेप काढला आणि खोली मोजायला लागले. टेप खिशात घालूनच आले होते. कपाट इथं, काउंटर तिथं, असं ते भिंतींशी बोलत होते.

मी खुर्चीत बसून राहिले. रडू येत होतं आणि राग त्याहून जास्त. पण डोकं चालू होतं. डिस्क खराब असती तर दरवेळी साधारण तिथंच अडली असती. हे दरवेळी नव्या जागी अडतंय, म्हणजे कुठंतरी जोडणीच तुटतेय. मी मशीन बंद करून पेनड्राइव्ह उपसला. त्याचं टोक लालभडक.

खाचेत टॉर्च मारला. आदल्या दिवशी भाऊजींनी हळदी-कुंकू पाण्यात कालवून, भक्तिभावानं, दिसेल त्या भोकात बोट दाबलं होतं. ओल अजून वाळली नव्हती. आत अक्षतेचा एक दाणाही बसला होता. मागची बाजू मात्र स्वच्छ होती. मागच्या बाजूची पूजा कुणी करत नाही, म्हणून ती शाबूत राहिली. मी पेनड्राइव्ह पुसला, वाळू दिला आणि मागं खोचला.

दिरांची चौथी भिंत मोजून होईस्तोवर गाडी निम्म्याच्या पुढं गेली. संध्याकाळी नवरा आपट्याची पानं घेऊन आला, तेव्हा मी नव्या सिस्टिमवर एक पत्रिका मांडत होते. त्यानं पानं माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "खोली तुझीच." मी म्हटलं, "ते सकाळी म्हणायचं होतं."

सासूबाईंसमोरच दिरांना खाचेतलं ओलं कुंकू दाखवलं आणि म्हटलं, "भाऊजी, टेप आणलाच आहे, तर कागदं ठेवायला एक रॅक करायचाय. तेवढं माप द्या." दिलं बिचाऱ्यांनी.

यंदाच्या खंडेनवमीला दीर सोवळं नेसून आले, तर सासूबाईंनी ताट त्यांच्या हातात दिलं. "तिचं शस्त्र हाय, तीच पुजंल. तू धर." मी मशीनच्या वरच्या पत्र्यावर कोरड्या कुंकवाचं एक बोट लावलं. ताटात दिरांनी आपला नवा मोबाईलही ठेवला होता, पूजेसाठी. मी वाटीतल्या पाण्यात कुंकू कालवलं आणि बोट बुडवून त्याच्याकडं वळले.

त्यांनी एका हातानं ताट सावरलं आणि दुसऱ्या हातानं मोबाईल उचलून सोवळ्यात खोचला.