वरलं का खाललं

द्वारकाअक्का कोणालाही सरळ "चहा घेता का?" असं विचारत नसत. एक हात वर आणि एक हात खाली धरून त्या विचारत, "वरलं का खाललं?" हात दोन्ही रिकामेच असत. वरचा म्हणजे चहा आणि खालचा म्हणजे ताक, हे आपण समजून घ्यायचं. भाजी मेथीची करायची की वांग्याची, भुसावळला एसटीने जायचं की कोणाच्या जीपने, भाचीसाठी आलेलं स्थळ बघायचं की सोडून द्यायचं, सगळ्याला त्यांचा हाच प्रश्न. नवीन माणूस गोंधळून बघत राही. मला मात्र हा प्रश्न कुठून आला ते ठाऊक होतं.

दीपनगरच्या वसाहतीत आमची क्वार्टर आणि त्यांची क्वार्टर एका भिंतीची. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवत होते. त्यांचा मुलगा भास्कर वीज केंद्रात ऑपरेटर. नवरा गेल्यावर शिरपूरकडच्या गावातली शेती वाट्याने देऊन अक्का मुलाकडे आल्या होत्या. पंचावन्नच्या आतबाहेर वय, काटक बांधा, आणि हातांना काम नसल्याची सतत चिडचिड. दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यावर राखेचा थर बसला की त्या चिमणीकडे बघून तिला खास अहिराणीत झोडपत. मी जळगावची, शहरात वाढलेली. त्यांचं बोलणं मला सुरुवातीला निम्मंच कळे, पण शिव्या मात्र पहिल्या दिवसापासून कळल्या.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असतील. भास्करने भुसावळच्या बाजारातून टीव्ही गेम आणला. रात्रपाळी करून आलेला हा संसारी माणूस दुपारी मांडी घालून विमानं पाडत बसे आणि त्याची बायको लता कपाळाला हात लावी. सोबत आलेल्या कॅसेटींच्या ढिगात एक बिनलेबलाची कॅसेट निघाली. तीत ना पळणं, ना उड्या, ना गोळ्या. तीन-चार बुटकी माणसं एका गावातून दुसऱ्या गावात चालत जायची, विहिरीपाशी कोणाशी तरी बोलायची, आणि खाली चौकटीत जपानी की कसल्या लिपीत ओळी उमटायच्या. भास्करने ती कॅसेट दोन दिवसांत फेकली. अक्कांनी उचलली.

"माले वाचता नही येस, आनि आते तुमलेबी नही येस," त्या मला म्हणाल्या आणि मनापासून हसल्या. आयुष्यभर पोस्टमन, तलाठी, कंडक्टर, सगळ्यांपुढे अडाणी ठरलेल्या बाईला घरात एक अशी वस्तू सापडली होती, जिच्यापुढे मराठीची मास्तरीणही अडाणीच होती. मी शाळेतून परतले की त्या हाक मारत. मीही चहाच्या निमित्ताने बसे आणि उठायचं विसरून जाई.

त्या खेळात मधूनमधून दोन ओळी येत, एक वर आणि एक खाली, शेजारी छोटा बाण. बाण हलवायचा आणि बटण दाबायचं. काय विचारलंय ते आम्हाला कळत नसे, पण उत्तर देणं भाग होतं. तिथून अक्कांचं "वरलं का खाललं" सुरू झालं. कोणत्या वेळी काय दाबलं हे लक्षात राहावं म्हणून त्यांनी आपली रीत काढली. वरचं दाबलं की भिंतीलगत तुरीचा दाणा, खालचं दाबलं की हरभऱ्याचा. शहाबादी फरशीवर दाण्यांची रांग लागे, आणि तिथे झाडू फिरवायची लताला बंदी होती.

त्या बुटक्या माणसांत एक मुलगी होती, पिवळ्या कपड्यातली. पहिल्याच गावात विहिरीपाशी उभी असे. तिच्याशी बोललं की ती मागोमाग चालू लागे आणि मग सगळा प्रवास सोबत करी. कोणाला लागलं की ती पुढे होऊन हात वर करी आणि त्याला बरं करी. अक्का तिला पिवळी म्हणत. "पिवळी दमनी व्हई," म्हणून त्या खेळ थांबवत आणि खरोखर स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन येत. मी हसे. "हसा, बाई," त्या म्हणत, "तुमनी पोर नही ती."

आणि ही पिवळी मरत असे.

बराच प्रवास झाला, की एका डोंगरातल्या पुलाशी सगळे येत. मागून काळं काहीतरी धावून येई. पिवळी थांबे, बाकीच्यांकडे वळे, आणि दोन ओळी उमटत. वरची दाबली की ती एकटी मागे राही, पूल कोसळे, पडदा पांढरा होई, आणि पुढच्या गावात एक माणूस कमी असे. खालची दाबली की त्याच दोन ओळी परत येत. अक्का पुन्हा खालची दाबत. पुन्हा त्याच ओळी. "मशीनले ऐकू नही येस," त्या म्हणत आणि अंगठ्याने बटण अजून जोरात दाबत. त्या जागी हरभऱ्यांची चांगली मूठभर रास होई, आणि शेवटी तुरीचा एक दाणा.

अक्कांची खात्री होती की चूक मागे कुठेतरी झाली आहे. कोणत्या तरी गावात वरचं दाबायचं ते खालचं दाबलं गेलं, म्हणून पुलावर ही वेळ आली. मग त्या पहिल्यापासून सुरुवात करत. कॅसेटीत काही साठून राहत नसे, मशीन बंद केलं की सगळं पुसलं जाई. दुसऱ्या कुठल्या गावात हा खेळ कोणाला करताच आला नसता, दिवसातून चारदा वीज जायची. दीपनगरला मात्र वीज जात नसे. अक्का मशीन बंदच करत नसत. भास्करला बातम्या हव्या असल्या तर टीव्हीचं चॅनेल बदलायचं, मशीन खाली चालूच. त्याचा अॅडाप्टर तापला की त्या त्याला पुठ्ठ्याने वारा घालत.

मी एकदा वैतागून म्हटलं, की अक्का, खेळच तो, पुढे चला की. मग पडद्याकडेच बघत त्यांनी मंदाचं सांगितलं. मंदा म्हणजे भास्करची मोठी बहीण. मला तोवर असं कोणी होतं हेच माहीत नव्हतं. सोळा-सतरा वर्षांची असताना तिचं पोट दुखायला लागलं. धुळ्याला एका दवाखान्यात नेलं. नवरा गावी, भाऊ वाटेत, व्हरांड्यात अक्का एकट्या. डॉक्टर बाहेर आले आणि पोट उघडायला हवं, करू का, असं विचारू लागले.

"मी नही म्हनं. त्यानी परत इचारं. परत नही म्हनं. तिसरा डाव इचारं तवय मी हो म्हनं." एवढं बोलून त्यांनी बटण दाबलं आणि पिवळीला विहिरीपासून सोबत घेतलं.

मंदा टेबलावरून परत आली नाही. डॉक्टरांचा दोष होता असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. पण दुखवट्याला आलेली माणसं! आपल्याकडे लोक सांत्वनाला येतात आणि दारात चप्पल काढायच्या आत 'तर' काढतात. शिरपूरला दाखवलं असतं तर. मुंबईला नेलं असतं तर. कापू दिलं नसतं तर. एक दिवस थांबली असतीस तर. अक्का म्हणाल्या, "बठ्ठा लोक उनात आनि येकेक रस्ता ठी गयात." सगळी माणसं एकेक रस्ता ठेवून, जेवून निघून गेली आणि ते रस्ते वीस वर्षं या बाईच्या उशाशी पडून राहिले. मला त्या लोकांचा जो संताप आला तो अजून गेलेला नाही.

त्यानंतर मी त्यांना कधी अडवलं नाही. उलट मीच दाणे मांडायला बसू लागले.

दिवाळीत माझा पुतण्या शिरीष पुण्याहून आला. कॉलेजात होता, कॉम्प्युटर शिकत होता. अक्कांकडे फराळाचं ताट द्यायला माझ्यासोबत आला आणि पडदा बघून एकदम खूश झाला. हाच खेळ त्याने मित्राकडे इंग्रजीत खेळला होता. अक्कांनी फराळ बाजूला ठेवला. त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि पुलावरच्या दोन ओळी दाखवल्या.

शिरीषने वाचल्यासारखं सांगून टाकलं. ती मुलगी म्हणते, मी मागे थांबते, तुम्ही पुढे जा, चालेल ना? वर आहे हो. खाली आहे नाही.

"म्हंजे मी नहीच म्हनत व्हतू?" अक्कांनी हरभऱ्यांच्या राशीकडे बघत विचारलं.

शिरीष हसला. नाही म्हटलं की खेळ परत तेच विचारतो, म्हणाला, हो म्हणेपर्यंत विचारत राहतो. मग मागच्या गावांतल्या उत्तरांचं काय, असं मी विचारलं. त्यांनी काही फरक पडत नाही, तो म्हणाला. ती मरतेच. कोणीही खेळलं तरी मरते, गोष्टच तशी लिहिलेली आहे.

"मंग माले इचारस कसाले?" अक्का म्हणाल्या.

बिचारा शिरीष करंजी हातात धरून बसून राहिला. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी पुढे सरकून म्हटलं, "अक्का, म्हणजे तुमची चूक कुठेच नव्हती." वर्गात धडा शिकवून झाल्यावर तात्पर्य सांगायची सवय, दुसरं काय.

अक्का माझ्याकडे वळल्या. "चूक व्हती तवय बरं व्हतं, बाई. चूक व्हती म्हंजे कठेतरी रस्ताबी व्हता."

मग त्यांनी स्वतःच केरसुणी घेतली आणि भिंतीलगतचे सगळे दाणे गोळा केले. तूर आणि हरभरा निवडून वेगवेगळ्या डब्यांत परत टाकला. त्या दिवशी मला त्यांच्या घरातून उठून यायलाही लाज वाटत होती आणि बसायलाही.

मला वाटलं खेळ संपला. पण दुसऱ्या दिवशी मशीन चालूच होतं. अक्कांनी पहिल्यापासून सुरुवात केली होती आणि पहिल्या गावातच त्या थांबल्या होत्या. विहिरीपाशी पिवळी उभी, शेजारी आपला बुटका माणूस उभा. अक्का तिच्याशी बोलत नव्हत्या, कारण बोललं की ती मागे चालू लागते. त्या फक्त तिथे उभ्या होत्या. अधूनमधून गावात एक फेरी मारत आणि परत विहिरीशी येत. पुढे कधीच गेल्या नाहीत. भास्कर म्हणे, आई, हा काही खेळ झाला का? त्या म्हणत, "माले आठेच राहनं शे," मला इथेच राहायचंय. पुढची दोन-अडीच वर्षं ती मुलगी त्या विहिरीपाशी उभी होती.

मग अक्कांच्याच पोटात गाठ निघाली. जळगावच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा मी सोबत होते. डॉक्टर समजूतदार होते, त्यांनी काही लपवलं नाही. ऑपरेशन केलं तर कदाचित काही महिने मिळतील, कदाचित टेबलावरच काही होईल. खाटेजवळ उभं राहून त्यांनी भास्करला विचारलं, काय करायचं? भास्करचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो तोंड उघडणार, एवढ्यात अक्कांनी उशीवरून हात वर केला.

"त्याले नका इचारू. माले इचारा."

डॉक्टर त्यांच्याकडे वळले. अक्का म्हणाल्या, नाही करायचं. डॉक्टरांनी नीट समजावून पुन्हा विचारलं, ते त्यांचं कामच होतं.

"कितीबी डाव इचारा, मन्हं नहीच शे," अक्का म्हणाल्या. मग भास्करकडे बघून थोड्या मोठ्याने, बाजूच्या खाटांनाही ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी सांगं शे. मन्हा पोरनी नही. बाई, तुम्ही ऐकं ना?"

ऐकलं, मी म्हणाले. त्यांनी मला साक्षीला नेलं होतं हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

महिना-सव्वा महिन्यात, घरीच, अक्का गेल्या. दुखवट्याला माणसं आली आणि आपला धंदा त्यांनी सुरू केलाच. भास्करचा कोणी मामा बसल्या बसल्या म्हणाला, नाशकाला नेलं असतं तर. मी शेजारीण, माझा तिथे बोलायचा अधिकार नव्हता. तरी मी बोलले. अक्कांनी स्वतः नाही म्हटलं, माझ्यासमोर म्हटलं, आणि यापुढे या घरात कोणी 'तर' म्हणायचं नाही, असं मी त्या पाहुण्यांना वर्गातल्या आवाजात सांगितलं. भास्कर मान खाली घालून रडत होता. पण त्याच्यापाशी एकही रस्ता कोणी ठेवून गेलं नाही, एवढं मात्र मी बघितलं.

तेराव्यानंतर मी त्यांच्याकडे गेले. पाहुणे गेले होते, लता भांडी आवरत होती. टीव्ही बंद होता, पण खाली मशीनचा लाल दिवा तसाच लागलेला. इतक्या गडबडीत कोणीही त्याला हात लावला नव्हता. भास्करने टीव्ही लावला. पिवळी विहिरीपाशी उभी होती.

तो मशीनपाशी जाऊन बसला. बटणावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, बंद करू का?"

अॅडाप्टरजवळ अक्कांचा तो वारा घालायचा पुठ्ठा पडला होता, मी त्याच्याकडे बघत राहिले.

त्याने परत विचारलं.

मी हो म्हटलं.